बालमित्रांच्या प्रेमकथेत ‘वेळ चुकली’ ही लेखकाची पळवाट असते का?

निशिगंध:
काल रात्री एक प्रेमकादंबरी संपवली आणि झोप उडाली. रागाने. दोघं पाच वर्षांचे असल्यापासूनचे मित्र. तो मोकळा असतो तेव्हा ती कुणात गुंतलेली, ती मोकळी होते तेव्हा याचं लग्न ठरलेलं. एकदाच दोघंही मोकळे, तर नेमकं त्याचं विमान चुकतं. साडेतीनशे पानं हेच. शेवटी भेटतात आणि म्हणतात, आपली वेळच जुळली नाही कधी. वेळेचा काय दोष? तुम्ही तोंड उघडलं नाहीत!

जेन ऑस्टिनची ‘पर्स्युएशन’ (१८१७) मला इथे पुन्हा पुन्हा आठवते. त्यातले दोघं बालमित्र नाहीत, पण हुकलेली वेळ तीच. ॲन आणि नौदलातला वेंटवर्थ यांचं ठरलेलं लग्न मोडतं, आठ वर्षं जातात. पुन्हा मन जुळल्यावर वेंटवर्थ ॲनला विचारतो, १८०८ साली मी परत आलो, हाताशी पैसा होता, जहाज मिळालं होतं, तेव्हा पत्र लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस? दिलं असतं, हे तिच्या दोन शब्दांतच कळतं. मग तो कबूल करतो की अभिमान आड आला, नाहीतर पुढच्या सहा वर्षांचा विरह टळला असता. नशिबाच्या नावाने बोटं मोडत नाही. मला आजच्या लेखकांकडून एवढाच प्रामाणिकपणा हवाय.

अर्धविराम:
अजिबात सहमत नाही. ‘तोंड उघडा’ हे आपल्याला सोपं वाटतं, कारण वाचकाला दोघांचंही मन दिसत असतं. पात्राला फक्त स्वतःचं दिसतं. शिवाय वेंटवर्थचं उदाहरण इथे लागूच पडत नाही. १८०८ साली त्याच्याकडे गमावण्यासारखं काय होतं? नातं तुटलेलंच होतं. बालमित्राला विचारायचं म्हणजे सगळं बालपण पणाला लावायचं. समोरचा ‘नाही’ म्हणाला तर उद्या रडायला जायचं कुणाकडे? एरवी ज्याच्याकडे गेलो असतो, तोच तर नकार देऊन बसलेला. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर कादंबरी उभी राहू शकते.

पानापानांत:
एक वेगळा मुद्दा. लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांची ओढ सहसा वाटत नाही, असं मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड वेस्टरमार्कने १८९१ मध्येच मांडलं होतं. पुढे १९७१ मध्ये जोसेफ शेफरने इस्रायलच्या किबुत्झमधल्या, म्हणजे सामुदायिक वसाहतींमधल्या, २,७६९ विवाहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली मुलं वयानुसार गट करून एकत्र वाढवली जात. एकाच गटातल्या मुलामुलीचं लग्न झाल्याची उदाहरणं अवघी १४ निघाली. शाळासोबती किंवा शेजारी इतके चोवीस तास एकत्र नसतात, त्यामुळे हे जसंच्या तसं लावू नये. पण या कादंबऱ्यांत एकाला काही वर्षं दूर पाठवलेलं असतं, त्यामागे थोडंफार हेच असावं. तो परत येतो, दार उघडताना ती क्षणभर त्याला ओळखत नाही, आणि त्या क्षणात तिला पहिल्यांदा एक पुरुष दिसतो. वेळ म्हणजे कधीकधी एवढंच. दिसायला लागण्याची.

निशिगंध:
हे पटलं. अर्धविराम, तुमची भीतीही मान्य. पण मग ती भीती लिहा ना! विमान कशाला चुकवता? अपघाताने हुकलेली भेट वाचून मला हळहळ वाटते, पण पात्राबद्दल नवं काहीच कळत नाही.

बारीक_अक्षर:
निशिगंध यांना +१. ‘देवदास’ (१९१७) घ्या, बालमित्रच आहेत. पारो रात्री एकटी त्याच्या खोलीत येते, सगळी लाज बाजूला ठेवून. वेळ अगदी बरोबर होती, माणूस कमी पडला. नंतर कोलकात्याहून नकाराचं पत्र टाकतो, पस्तावतो, धावत येतो, आणि तेव्हा ती नाही म्हणते.

दूरचा_दिवा:
मी इथे क्वचित लिहिते, पण आज राहवलं नाही. माझ्या मित्राने तोंड उघडलं होतं. दुसरीपासूनचा मित्र. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तो भेटून निघाला, दारात चपला घालायला वाकला. पट्टा लागला होता तरी तो तसाच वाकून राहिला, आणि खाली बघतच म्हणाला, “मी कायम येत राहिलो तर चालेल?” मला अर्थ कळला होता. पण आत औषधाची वेळ झाली होती, आणि त्या वर्षी माझ्यात ‘हो’ म्हणायलाही जागा नव्हती. मी म्हटलं, “येत जा की.” दोन वर्षांनी माझ्यात ती जागा झाली, तेव्हा त्याच्या आयुष्यात दुसरी कुणी होती. चांगली मुलगी. आता सांगा, यात भित्रं कोण? अभिमानी कोण? वेळ चुकते हो, खरंच चुकते.

निशिगंध:
तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. इथे माझा आरोप टिकत नाही. पण बघा, तुमच्या गोष्टीत एकही योगायोग नाही. आईचं आजारपण हे तुमचं आयुष्यच होतं, मध्ये घुसवलेला अडथळा नव्हे. अशी कादंबरी असती तर मी तक्रार केलीच नसती. विचारू का, नंतर कधी त्याला सांगितलंत?

दूरचा_दिवा:
नाही. सांगून मन माझं हलकं झालं असतं, ओझं त्याच्यावर पडलं असतं. आम्ही अजून मित्र आहोत. आई गेली तेव्हा पहिला फोन मी त्यालाच केला. म्हणून माझी तक्रार तुमच्यापेक्षा वेगळी आहे. या कादंबऱ्यांत दोघं शेवटी एकत्र येतातच, जणू तोवरची तीस वर्षं नुसतं थांबणं होतं. मला अशी कादंबरी वाचायचीय जिच्यात वेळ पाचव्या प्रकरणातच हुकते आणि उरलेली सगळी पानं त्या मैत्रीची असतात.