इंकस्केपची पुस्तिका आधी एजंटसाठी लिहायची की माणसांसाठी?

बर्डीवाला
आमचा गट इंकस्केपची, म्हणजे बॅनर-पत्रिका आखायच्या फुकट सॉफ्टवेअरची, मराठी पुस्तिका लिहायला बसलाय. पहिली पानं कुणासाठी, यावर रविवारी चांगलीच जुंपली, म्हणून इथे टाकतो. माझं मत : आधी एआय एजंटसाठी, म्हणजे माणसाच्या वतीने स्वतः सॉफ्टवेअर चालवणाऱ्या एआयसाठी लिहा, आणि ते लिखाण वेगळंच असू द्या.

एकच उदाहरण देतो. 2017 साली 0.92 आवृत्ती आली आणि इंकस्केपने इंचाला 90 ऐवजी 96 पिक्सेल धरायला सुरुवात केली. जुन्या हिशेबात दहा फुटी बॅनर 10,800 पिक्सेलचं. नव्या हिशेबात तेच 112.5 इंच भरतं, म्हणजे साडेसात इंच आखूड. माणूस जुनी फाईल उघडतो तेव्हा इंकस्केप खिडकी दाखवून विचारतं, काय करू? एजंट कमांड लाइनवरून, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनी काम करतो, त्याला ही खिडकी दिसतच नाही. जुनी मापं कशी बदलायची हे सांगणारा 'कन्व्हर्ट-डीपीआय-मेथड' हा पर्याय त्याला आधीच हातात द्यावा लागतो. माणसांच्या पुस्तिकेत ही ओळ कोण लिहिणार?

महालचा पेंटर
काऊन बाप्पा, आमच्या पोट्ट्यांना मराठीत धड एक पुस्तक नाही अन् तुम्ही मशीनसाठी लिहून राहिले? दुकानात बसणारा पोट्टा मेनूत शोधून शोधून थकते. आधी त्याले शिकवा. त्याचंच काम काढून घेणाऱ्याले फुकटची शिकवणी कायले?

धरमपेठी
पेंटरभाऊंचा राग समजतो, पण माझा आक्षेप वेगळा आहे. 'ॲक्शन-लिस्ट' ही आज्ञा दिली की इंकस्केप स्वतःच त्याला करता येणाऱ्या सगळ्या कृतींची यादी छापतं. एजंटने ती वाचावी. आपण हाताने लिहिलेलं पान पुढच्या आवृत्तीत शिळं होणार, आणि शिळं पान नसलेल्या पानापेक्षा वाईट. 2024 मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी संकेतस्थळांसाठी 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी'ची, म्हणजे एआयने वाचायच्या वेगळ्या मजकूर-फाईलची कल्पना मांडली, तेव्हापासून जो तो मशीनसाठी वेगळी फाईल ठेवतोय. मग त्या दोन फाइलींचा मेळ कोण घालणार? नीट लिहिलेली एकच पुस्तिका दोघांना पुरते.

बर्डीवाला
धरमपेठी, शिळेपणाचं म्हणाल तर एजंटमागच्या एआय मॉडेलच्या डोक्यात आधीच शिळं भरलंय. इंटरनेटवरचे जुने धडे चित्राची फाईल काढायला 'एक्सपोर्ट-पीएनजी' शिकवतात. 2020 च्या 1.0 मध्ये त्याची जागा 'एक्सपोर्ट-फाइलनेम'ने घेतली. त्याच आवृत्तीपासून वाय अक्ष, म्हणजे उभी जागा, खालून वर न मोजता वरून खाली मोजायला लागला. 2022 च्या 1.2 मध्ये जुने 'व्हर्ब', म्हणजे जुन्या पद्धतीच्या आज्ञा, काढूनच टाकले. काय मेलंय, हे सांगणारं पान यादीतून मिळत नाही. क्रमही मिळत नाही : आधी निवड, मग कृती, शेवटी 'एक्सपोर्ट-डू'. कृतींच्या माळेत ते शेवटचं राहिलं तर फाईल निघतच नाही.

धरमपेठी
मग 'काय मेलंय' हे माणसालाही हवंच की! माझाच मुद्दा झाला. शिवाय आजचे एजंट चित्र पाहतात, चुकलं तर त्यांना दिसेल.

बर्डीवाला
साडेसात इंचांची तूट पडद्यावर तुम्हाला दिसते का? मला तर नाही दिसत. म्हणून प्रत्येक कामाखाली तपासणी लिहायची : मापं छापणारं 'क्वेरी-ऑल' चालव, दहा फुटी बॅनरच्या चित्राची रुंदी 11,520 पिक्सेल आली का बघ, नसेल तर थांब आणि विचार. माणसाला असं लिहिलं तर तो म्हणेल, मी काय बावळट आहे का?

इतवारी प्रेस
तुम्ही दोघं पिक्सेल मोजत बसा. आमच्याकडे जुन्या फाइली कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये आहेत. दिसायला देवनागरी, फाईलच्या पोटात मात्र रोमन अक्षरांचा चिवडा. एजंट तो चिवडा वाचतो, त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि तो 'दुरुस्त' करायला जातो. लग्नपत्रिकेत वधूचं नाव असं दुरुस्त झालं तर गिऱ्हाईक दुकानात येऊन काय बोलेल? पान लिहायचंच असेल तर पहिली ओळ ही : फाँट बघितल्याशिवाय मजकुराला हात लावायचा नाही. छपाईला देताना अक्षरांचे आकार करून टाकणारं 'एक्सपोर्ट-टेक्स्ट-टू-पाथ' लावायचं. पण ही मूळ फाईल बदलायची मुभा नव्हे, ती जशी आहे तशीच ठेवायची.

महालचा पेंटर
हे मात्र बरोबर बोलले. पण प्रेसवाले, हे तुमच्या पोट्ट्याले तोंडी माहीत हाये, कुठं लिहिलेलं हाये का? तेच त्याच्याकडून काढून मशीनले देणार. पुस्तिकेवर त्याचं नाव टाका, अन् पैसे द्या. मग लिहा कोणासाठीही.

धरमपेठी
पैशाचं पेंटरभाऊ बरोबर म्हणतात. वेगळ्या पुस्तिकेला माझा विरोध अजूनही आहे. फाँट आणि मापं, ही दोन पानं करून बघा. प्रत्येक पानावर वर आवृत्तीचा आकडा टाका. तिसरं पान मागितलंत तर भांडेन.

बर्डीवाला
मापांचं पान मी घेतो. फाँटचं इतवारी प्रेसच्या पोट्ट्याने सांगायचं, मी टंकीन, त्याचं मानधन गट देईल. कधी बसायचं?

इतवारी प्रेस
गणपती उठल्यावर. आता पोळा, मारबत, मग मंडळांचे बॅनर. त्याला जेवायला फुरसत नाही.