क्यूमध्ये चौदा मिनिटं... आपला गेम टिकेल का?

कायमहीलर
मंडळी, खूप दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो. सहा वर्षं हा गेम खेळतोय, पाच विरुद्ध पाच, आणि कायम हीलर, म्हणजे टीममधल्यांना बरं करणारा. आधी रात्री कधीही बसलं तरी मिनिटाच्या आत मॅच लागायची. काल रँक्डला (ज्यात रँक ठरतो तो मोड) क्यू लावली, म्हणजे मॅचसाठी रांगेत थांबलो, तर चौदा मिनिटं नुसतं ते गोल फिरणारं चाक बघत बसलो आणि शेवटी लागली तेव्हा समोर तेच चौघं ज्यांच्याशी परवाच खेळलो होतो. पाचवा कुणीतरी लेव्हल ३ चा नवीन पोरगा. स्पॉनमधून (खेळाडू जिथून सुरुवात करतो ती जागा) बाहेर पडतापडता तीनदा मेला, चॅटमध्ये "सॉरी" लिहिलं, आणि दुसऱ्या राउंडला निघून गेला. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं, कारण तो काय परत येत नाही आता.

फ्रेंड लिस्ट उघडली की जवळजवळ सगळी नावं राखाडी. नवीन मॅप येऊन वर्ष उलटलं, डेव्हलपर गप्प. ज्यांनी असे आटत गेलेले गेम आधी पाहिलेत त्यांनी खरं काय ते सांगा, असा गेम टिकतो का? आणि आपल्या हातात काही असतं का?

जुनासर्व्हर
माझ्या मते प्रॉब्लेम आकड्याचा कमी आणि विखुरण्याचा जास्त आहे. हिशोब करून बघ. समज आत्ता ६० जण ऑनलाइन आहेत, म्हणजे एका वेळी सहा मॅच आरामात व्हायला पाहिजेत. पण क्विक, रँक्ड, आर्केड असे तीन मोड, म्हणजे वीस-वीस झाले. त्यात दोन रिजन, म्हणजे दहा-दहा. आता त्या दहांची मॅच सुरू झाली की अकरावा जो येतो त्याला खेळायला कुणीच नाही, तो पाच-सात मिनिटं थांबतो आणि गेम बंद करतो, आणि मॅच संपवून दहा जण बाहेर येतात तोवर त्यांनाही वाटतं चला आज पुरे. रँक्डमध्ये तर वर रँकची चाळणी. मग मॅचमेकर (माणसं जुळवून मॅच लावणारी सिस्टिम) काय करणार, वेळ जाईल तशी रँकची रेंज वाढवत नेतो, आणि म्हणून तुझ्या मॅचमध्ये लेव्हल ३ चा पोरगा येऊन पडतो.

जुन्या शूटरमध्ये सर्व्हर लिस्ट, म्हणजे चालू असलेल्या खेळांची यादी असायची ते या बाबतीत फार बरं होतं. १६ पैकी ९ जण आहेत असं समोर दिसायचं, जाऊन बसायचं, माणसं येत-जात राहायची, खेळ चालू. तीस माणसांतही गेम जिवंत वाटायचा. आपल्याकडे ते नाही. निदान एक मोड तरी बंद करा असं मी कधीपासून म्हणतोय, आर्केडवाले चिडतात, पण दुसरा इलाज मला तरी दिसत नाही.

सर्व्हरकुणाचा
वरचं सगळं बरोबर आहे पण त्याच्याही आधीचा प्रश्न, सर्व्हर कुणाच्या हातात आहे? सिटी ऑफ हीरोज बघा. २००४ चा गेम, ३० नोव्हेंबर २०१२ ला तो चालवणाऱ्या एनसीसॉफ्ट कंपनीने बंद केला. तेव्हाही त्याच्यावर जीव टाकणारी माणसं होतीच, पण सर्व्हर कंपनीचे, त्यामुळे एका रात्रीत सगळं संपलं. २०१९ मध्ये सर्व्हरचा कोड बाहेर आला, चाहत्यांनी होमकमिंग नावाने सर्व्हर उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये खुद्द एनसीसॉफ्टने त्यांना रीतसर लायसन्स दिलं! अकरा वर्षांनी. आणि द क्रू बघा, २०१४ चा रेसिंग गेम, सर्व्हर बंद झाले २०२४ च्या मार्चअखेर, आणि विकत घेतलेल्या माणसाला एकट्याने गाडी फिरवायचीही सोय उरली नाही. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली, युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या.

चांगलं उदाहरण हवं असेल तर नॉकआउट सिटी. जून २०२३ मध्ये बंद केला, पण जाताना पीसीवर स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन गेले. आपण मॅप मागत बसण्यापेक्षा हे मागायला हवं, आणि ऑफिसमध्ये कुणीतरी मेल वाचतंय तोवरच मागायला हवं. एकदा टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली की विचारायचं कुणाला?

लेव्हल४१
मी दोन महिन्यांपूर्वीच आले त्यामुळे नवीन माणसाच्या बाजूने सांगते. पहिल्या दिवशी सलग सात मॅच हरले आणि डिलीट करणारच होते. आठव्या मॅचनंतर समोरच्या टीममधल्या एकीचा मेसेज आला, "कस्टम रूममध्ये ये, पाच मिनिटं." तिने मला पुलाच्या डाव्या खांबामागे उभं केलं आणि स्वतः समोरून स्नायपर घेऊन आली, म्हणाली आता डोकं बाहेर काढ, आत घे, परत काढ, गोळी चुकली की पळ, कारण रीलोड होईपर्यंत तुझाच वेळ आहे. तेवढं एकच शिकवलं. त्या रात्री मी पहिली मॅच जिंकले आणि तेव्हापासून रोज येते. कायमहीलर, तुमच्या मॅचमधल्या त्या मुलाला कुणी असं बोलावलं असतं तर तो राहिला असता असं मला खरंच वाटतं.

आधीचाक्लॅन
जरा कडू बोलतो, राग मानू नका. याआधी ज्या गेममध्ये होतो तिथे हे सगळं केलं. दर आठवड्याला टुर्नामेंट, नवीन लोकांना ट्रेनिंग, सगळं. दीड वर्ष छान चाललं. पण ब्रॅकेट (कुणाची मॅच कुणाशी ते) लावणारे, भांडणं मिटवणारे, चीटर पकडणारे आम्ही तिघंच. एकाची नोकरी बदलली, एकाला बाळ झालं, आणि मी एकटा रात्री दोनला स्क्रीनशॉट तपासत बसायचो. एका शनिवारी मी लॉबी (सगळे जमायची खोली) उघडली नाही, तर कुणीच उघडली नाही. त्यानंतर कधीच कुणी उघडली नाही. त्यामुळे जे काही कराल त्यात पहिल्या दिवसापासून आळीपाळी ठेवा.

आणि कुणी अमंग अस चं उदाहरण देणार असेल तर, हो, २०१८ चा गेम २०२० मध्ये स्ट्रीमर्समुळे जगभर पसरला. पण तसं आपल्या बाबतीत होईल म्हणून वाट बघत बसू नका रे.

कायमहीलर
सगळ्यांचे मनापासून आभार. लेव्हल४१, तुमचं वाचून त्या पोराचं नाव मॅच हिस्टरीतून शोधलं आणि रिक्वेस्ट पाठवलीये, बघू.

ठरवलंय ते असं. बुधवार आणि शनिवार, रात्री साडेनऊ, सगळ्यांनी क्विकच लावायचं, बाकी मोड त्या दोन तासांत बंद समजा. दहा जण जमले नाहीत तर कस्टम लॉबी, तीन विरुद्ध तीन सुद्धा चालेल. क्लॅनने (नेहमी एकत्र खेळणाऱ्या ग्रुपने) एकत्र येऊन नवीन लोकांना चिरडायचं नाही, टीम मिक्स करायच्या. लॉबी दर वेळी वेगळा माणूस उघडेल, पुढच्या चार वेळांसाठी नावं हवीत. आणि सर्व्हरकुणाचा, तो मेल तू लिहिशील का? सही सगळे करू.

सर्व्हरकुणाचा
लिहितो. रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकतो.

जुनासर्व्हर
पहिला शनिवार माझा. बुधवारी टँक (पुढे राहून मार झेलणारा) कोण घेणार ते आत्ताच सांगा, मागच्या वेळी पाच जणांत तीन हीलर होते.