मदत हवी आहे: व्हीलचेअर घेऊन जैसलमेरच्या रेतीत एक रात्र मुक्काम करायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी उमरखेड तालुक्यातला. पैनगंगेच्या काठाला शेती आहे, कापूस आणि हळद. २०१६ साली विहिरीतला पंप वर ओढताना दोर सुटला आणि मी आत पडलो. मणका डी १२ ला, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी, मोडला. तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. हात आणि खांदे मात्र मजबूत आहेत. खुर्ची माझी मीच चालवतो, गोठ्यापर्यंत, वाट कोरडी असली तर धुऱ्यापर्यंतही जातो.

येत्या जानेवारीत, हळद काढणीला यायच्या आधी, भाच्याच्या फोर बाय फोर स्कॉर्पिओनं जैसलमेरला जायचं ठरतंय. भाचा, धाकटा भाऊ आणि मी. वाशिम, अकोला, खंडवा, इंदूर, चित्तोडगड, जोधपूर असा रस्ता, वाटेत दोन मुक्काम. पुढे सम किंवा खुरीच्या बाजूला स्वतःचा तंबू टाकून एक रात्र काढायची. तिथं तयार तंबूंचे कॅम्प आहेत हे माहीत आहे. पण मला लाउडस्पीकरपासून लांब, रेतीवर पाठ टेकून आभाळ बघायचं आहे. म्हणून 'कॅम्पातच राहा' हा सल्ला तेवढा देऊ नका, ही विनंती.

आई म्हणते, "काहून जातं रे बाप्पा तिकडं? आपल्या नदीत का रेती कमी हाय?" तिच्या बोलण्यावरूनच सुचलं आणि मागच्या रविवारी आम्ही आधी नदीवर गेलो.

खुर्चीची पुढची छोटी चाकं चार बोटं आत गेली आणि खुर्ची जागेवर रुतली. मागून रेटलं तर मी तोंडावर आपटायचा. मग भाच्यानं खुर्ची उलटी फिरवली, मागच्या मोठ्या चाकांवर कलती धरली आणि पुढची चाकं अधांतरी ठेवून ओढत नेली. पंचवीस-तीस पावलं छान गेली, मग त्याला धाप लागली. तिथून पुढे गोणपाटं अंथरली, मागचं उचलून पुढे टाकायचं, असं करत पाण्याजवळ पोचलो. भावानं मला खाली उतरवलं. इतक्या वर्षांनी रेतीवर बसलो. वरचा थर उन्हानं तापलेला, बोटं खुपसली की आत गार ओल. दोन्ही हातांवर भार देऊन मी तीन-चार हात मागे सरकलो, तेव्हा मला कोणी धरलेलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं की जायचंच.

आता अडचणी सांगतो.

सगळ्यात मोठी अडचण गाडीत चढण्याची. खुर्चीवरून खाटेवर जायला गावच्या सुताराकडून सागाची फळी करून घेतली आहे, कडा गोल घासलेल्या, वरून मेण लावलेलं. समान उंचीवर ती लोण्यासारखी चालते. पण स्कॉर्पिओची सीट इतकी उंच, की फळी चढाला लागते आणि मी अर्ध्यातून घसरतो. घरी भाऊ बगलेतून आणि भाचा गुडघ्याखालून उचलतो. मऊ रेतीत, गाडी कलती उभी असताना, दोघांचे पाय रुतत असताना हे कसं करायचं? मला उचलताना कोणाची कंबर जाऊ नये, ही धास्ती मला स्वतःच्या पडण्यापेक्षा जास्त आहे.

दुसरं, बैठक. २०१९ मध्ये ट्यूबसारख्या गोल गादीवर बसून बसून माकडहाडाला जखम झाली, भरायला चार महिने पालथं पडून राहावं लागलं. मधे पोकळ असलेली ती गादी कडेनं रक्तपुरवठा दाबते, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. नव्यानं खुर्चीवर आलेल्यांनी कृपया ती घेऊ नये. आता हवेच्या कप्प्यांची गादी आहे, आणि दर वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलतो. पण गाडीत दहा-दहा तास, खड्डे आणि हादरे. ही गादी गाडीच्या सीटवर ठेवून कोणी लांबचा प्रवास केला आहे का?

लघवी दर चार-पाच तासांनी नळी घालून काढावी लागते. धूळ उडत असताना हात आणि नळी स्वच्छ कशी ठेवता? पाणी कमी पिऊन भागवायचा प्रकार एकदा लग्नाच्या वऱ्हाडात केला होता, तापानं आठ दिवस काढले. ते परत नाही.

आणि थंडी. मागच्या हिवाळ्यात हुरडा खायला शेकोटीजवळ बसलो होतो, पाय जाळापासून चांगले दीड हात लांब. मला काहीच कळलं नाही. घरी आईनं मोजा काढला तर करंगळीजवळ फोड. तिकडे जानेवारीच्या रात्री पारा ७-८ अंशांवर येतो म्हणतात. शेकोटीशिवाय पाय गरम कसे ठेवायचे?

प्रतिसाद:

दादा, माझा मोठा भाऊ तुमच्यासारखाच खुर्चीवर आहे, दोन वर्षांपूर्वी त्याला खुरीकडे नेलं होतं. आम्ही अकोल्याचे.

उंचीचं उत्तर रेतीतच आहे. दाराशेजारी फावड्यानं रेतीचा ओटा करा, पाण्यानं भिजवून ठोका, वर जाड प्लायवूड टाका. खुर्ची मागून ओढत त्यावर चढवा आणि ब्रेक लावा. खुर्ची आणि सीट एका पातळीत आली की तुमची सागाची फळी चालेल. शौचाच्या खुर्चीखालीही प्लायचा तुकडा हवाच, नाहीतर पाय रुतून ती कलंडते.

तंबू टेकडीवर नको. दोन धोऱ्यांच्या, म्हणजे रेतीच्या टेकड्यांच्या, मधे कडक जमीन असते, तिथं टाका. रेतीत शिरताना टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, छोटा कंप्रेसर जवळ ठेवा आणि डांबरी लागण्याआधी परत भरा. चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच ॲक्सिलेटर सोडायचा, रेस केली की ते खाली खड्डाच खणतं. एकट्या गाडीनं आत जाऊ नका, गावातली एक जीप सोबत घ्या. आणि सम-खुरीचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो. तो माळढोकांचा मुलूख आहे, तिथं मनानं गाडी रस्त्याखाली उतरवू नका, कुठं चालतं ते आधी गावात विचारा.

पायांना गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. सैल लोकरीचे दोन मोजे, स्लीपिंग बॅग, आणि अंगाखाली फोम, कारण थंडी खालून चढते. रात्री दोनदा कूस बदलायला कोणाला तरी गजर लावायला सांगा. झोपताना आणि सकाळी टॉर्चनं टाचा, घोटे, माकडहाड तपासा, रेतीचा कण कपड्यात राहिला तरी घासून जखम होते. नळीसाठी एकदाच वापरायच्या पाकीटबंद नळ्या न्या आणि ते काम गाडीत काचा लावून करा.

धागाकर्ता:

दादा, ओट्याची गोष्ट वाचून भाच्याला लगेच दाखवली. या रविवारी स्कॉर्पिओ नदीवर नेऊन करून बघतो. प्लाय किती जाडीचा घेतला होता तेवढं सांगा, खुर्चीसकट माझं वजन ८५ किलो भरतं. बारा एमएमचा घरात पडून आहे, पण मधे वाकेल असं सुताराचं म्हणणं आहे. गादीबद्दल अजून कोणाला अनुभव असेल तर तोही लिहा. आम्ही ८ जानेवारीला निघतो आहोत.