मदत हवी आहे: बारांतल्या सात मुली पहिल्या वर्षाच्या, स्पर्धा चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर). बास्केटबॉलचा संघ कसा उभा करू?

मंडळी, नमस्कार. थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं मांडते.

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला मी संध्याकाळी शिकवते. पगारी प्रशिक्षक नाही. याच कोर्टवर तीन वर्षं खेळले, आता फोंड्यातच नोकरी करते आणि सुटले की साडेपाचला कोर्टवर हजर. हे माझं चौथं वर्ष. यंदा आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चवथीनंतर आहे, म्हणजे हातात सात आठवडे. त्यातले चवथीचे दिवस वजा करा. सत्तरीतल्या मुली माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायला घरी गेल्या की आठवडाभर येणार नाहीत, आणि त्यांनी तेव्हा यावं असं मलाही वाटत नाही.

गेल्या वर्षीच्या पहिल्या पाचांतल्या चौघी पदवी घेऊन गेल्या. आता बारा जणींत सात पहिल्या वर्षाच्या, तीन दुसऱ्या, दोन तिसऱ्या. सातांतल्या तिघीच शाळेपासून बास्केटबॉल खेळलेल्या. उरलेल्या चौघींत एक फुटबॉलची गोलकीपर, एक नेटबॉलवाली, एक व्हॉलीबॉलवाली आणि एक ४०० मीटर धावणारी. अंगात खेळ आहे, म्हणूनच त्यांना घेतलं. गोलकीपर रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायला, उडी घेते तेव्हा तिचे हात पाहण्यासारखे असतात. बाकीच्या चेंडू खाली यायची वाट बघतात, ही वरच्या वर काढून घेते आणि छातीशी धरते. हे मी तिला शिकवलेलं नाही.

गेल्या शनिवारी बाहेरच्या एका संघाशी सराव सामना खेळलो. मी वही घेऊन बसले होते. पहिल्या १० मिनिटांत आमचे ११ टर्नओव्हर, म्हणजे अकरा वेळा शॉट न मारताच चेंडू घालवला. स्कोअर सांगत नाही, कारण मला झोप लागू दिली नाही ती स्कोअरने नव्हे. त्या अकरांतले सहा एकाच जागी झाले: मधली रेष ओलांडल्या ओलांडल्या, साइडलाइनच्या कोपऱ्यात. आमची मुलगी नियमाप्रमाणे ८ सेकंदांच्या आत घाईने रेष ओलांडते, मान खाली, डोळे चेंडूवर. समोरून दोघी येतात. ती ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) थांबवते. आता मागे पास दिला तर नियमभंग, बाजूला साइडलाइन, समोर चार हात. तिथे रेषासुद्धा तिच्याविरुद्ध खेळतात. मग ती डोळे मिटल्यासारखा पास फेकते आणि दुसऱ्या टोकाला सोपा लेअप (रिंगजवळ धावत जाऊन मारलेला शॉट) होतो. सहाही वेळा हेच.

नव्या मुलींची मूळ सवय अशी की चेंडू हातात आला की आधी जमिनीवर आपटायचा, मग बघायचं. मी ओरडून थकले. 'आधी बघ' म्हटलं की बघतात, पण आपटत आपटत.

आता खरी अडचण. कॉलेजातले आणि बाहेरचेही सगळे सांगतात की हे बांधणीचं वर्ष समज, निकाल सोडून दे, पहिल्या वर्षाच्या मुलींना खेळव, दोन वर्षांनी फळ मिळेल. सल्ला चुकीचा नाही. पण तिसऱ्या वर्षाच्या त्या दोघी? कॅप्टन शिरोड्याहून येते. दोन वर्षं बाकावर आणि सहावी-सातवी खेळाडू म्हणून काढली. तिचं वर्ष आता आलंय. सामन्यानंतर चेंडूंची जाळी बांधताना तिने विचारलं, "ताई, या वर्षी आपण शिकणार का खेळणार?" मी म्हटलं, दोन्ही. ते खरं करून दाखवायचं असेल तर काय करावं, एवढंच मला विचारायचं आहे.

बचावाचा प्रश्न पहिला. नवखा संघ म्हटला की सगळे २-३ झोन सुचवतात, म्हणजे पुढे दोघी, मागे तिघी आणि प्रत्येकीने आपली जागा राखायची. माझं मन घेत नाही. झोनमध्ये आपल्या माणसाला धरायची सवय लागत नाही, शॉट सुटला की बॉक्स आउट (समोरच्या खेळाडूला पाठीने अडवून चेंडूपासून दूर ठेवणं) कोणी करायचं हे कोणालाच कळत नाही. पण मॅन टू मॅन (प्रत्येकीने समोरच्या एकीलाच धरणं) खेळलो तर हात मध्ये घालून फाऊल होतात. शनिवारी हाफटाइमलाच दोघींचे चार-चार झाले होते, पाचव्याला बाहेर. शिवाय एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल भरले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो. हे फुकटचे गुण आम्हाला परवडणारे नाहीत.

दुसरं म्हणजे पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर आणून खेळ चालवणारी. चेंडू सर्वांत चांगला सांभाळते ती कॅप्टन, आणि सर्वांत जास्त गुण करते तीही कॅप्टनच. तिनेच चेंडू वर आणायचा म्हटलं तर तिसऱ्या क्वार्टरला तिचे पाय जड होतात. नेटबॉलवालीची नजर जबरदस्त आहे, कोण मोकळी आहे ते तिला माझ्याआधी दिसतं. पण नेटबॉलमध्ये चेंडू घेऊन चालता येत नाही, त्यामुळे ड्रिबल जवळजवळ नाहीच.

आणि पाऊस. आमचं कोर्ट सिमेंटचं, उघडं. श्रावणात एक दिवस ऊन पडलं नाही की शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो, तरी बोर्डाखालचा सावलीतला भाग निसरडा राहतो, आणि लेअप नेमका तिथेच उतरतो. कॉलेजचा हॉल आठवड्यातून दोन दिवस मिळतो, पण तिथे रिंग नाही. रिंगशिवाय दोन तास काय घ्यावं?

एक गोष्ट मला स्वतःलाच उशिरा कळली, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आमच्या कोर्टवरचे पट्टे जुने आहेत, अजून समलंब आकाराची की (रिंगसमोरचा आखलेला भाग). तीन गुणांची रेष मी टेपने मोजली तर ६.२५ मीटर भरली. ही रेष २०१० मध्येच ६.७५ झाली आणि की आयताकृती झाली. म्हणजे आमच्या मुली वर्षभर अर्धा मीटर जवळून शॉट घोटतात आणि स्पर्धेत नव्या रेषेवरून मारतात. 'सामन्यात शॉट आखूड पडतो' असं मी मागची तीन वर्षं त्यांना बोलत होते. चूक त्यांची नव्हती.

शेवटचं, ४०० मीटरवाली चांगली धावते, पण महिनाभर लवकर धापा टाकते आहे. चेहरा फिका वाटतो. घरच्यांशी कसं बोलावं?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद: डिचोलीचे निवृत्त क्रीडाशिक्षक

ताई, सर्वांत आधी ते कोपऱ्यातले सहा टर्नओव्हर. प्रेस, म्हणजे समोरच्यांनी अंगावर येऊन केलेली ती कोंडी, ड्रिबलने तोडायला गेलात की अडकणारच. प्रेस पासने तुटतो. तुमची नेटबॉलवाली मधल्या वर्तुळात उभी करा. कॅप्टनने चेंडू आत टाकायला उभं राहायचं, म्हणजे तिचे पायही वाचतील. पहिला पास बाजूला, दुसरा मधल्या नेटबॉलवालीला. तिने झेलायचा, पिव्होटवर (एक पाय जागेवर ठेवून) वळायचं आणि पुढे धावणाऱ्या ४०० मीटरवालीला द्यायचा. ड्रिबल एकही नाही. तुम्हाला जी उणीव वाटते आहे तीच इथे कामाची, कारण ती चेंडू जमिनीवर टाकणारच नाही.

बचावाबाबत माझा अनुभव असा: सरावात फक्त मॅन टू मॅन शिकवा, सामन्यात गरजेप्रमाणे झोन लावा. उलटं केलं तर दोन्ही येत नाही. फाऊल कमी करायला एक जुना उपाय आहे. बचावाच्या सरावात प्रत्येकीने दोन्ही हातांत टॉवेलची टोकं धरून तो मानेमागे घ्यायचा. हात अडकले की पाय आपोआप हलतात. दहा दिवस करून बघा.

प्रतिसाद: मडगावचा माजी सेंटर

मी थोडा वेगळा विचार मांडतो. नव्या मुलींना घाबरून बाकावर ठेवू नका. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संघात १९९१ साली पहिल्या वर्षाची पाच मुलं एकदम आली आणि १९९२ च्या एनसीएए (तिथली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा) अंतिम सामन्यात पाचही जण सुरुवातीपासून खेळली. ड्यूककडून ७१-५१ हरली, पण पोचली. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी गाठली. तिथे शेवटची ११ सेकंद उरली असताना त्यांच्या ख्रिस वेबरने टाइमआउट मागितला. संघाचे टाइमआउट संपले होते. टेक्निकल फाऊल झाला आणि नॉर्थ कॅरोलायना ७७-७१ ने जिंकली. चेंडू घेऊन तो कोपऱ्यात दोघांत अडकला होता, तुम्ही लिहिलंय अगदी तशाच जागी.

आपल्याकडच्या फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांत टाइमआउट खेळाडू मागत नाही, प्रशिक्षक टेबलाकडे मागतो; पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन. म्हणजे तो कोपरा दिसला की थांबवायची जबाबदारी तुमची. पहिल्या क्वार्टरला तीन टर्नओव्हर ओळीने झाले तर टाइमआउट शिल्लक ठेवू नका, घेऊन टाका.

प्रतिसाद: धागाकर्ती

सर, मधल्या वर्तुळाची कल्पना आजच करून पाहिली. पहिले पाच-सहा पास वाया गेले, मग अचानक जमलं. नेटबॉलवाली इतकी खूश झाली की घरी जायची बस चुकवायला निघाली होती. टॉवेलही उद्यापासून.

मडगावचे दादा, मिशिगनचं उदाहरण वाचून हुरूप आला, पण त्या पाच जणांना शाळेतच देशभर नावाजलेलं होतं. माझ्या चौघी जूनपर्यंत या खेळात नव्हत्या. त्यांना मिनिटं देणारच आहे, फक्त त्यासाठी कॅप्टनला बसवणार नाही. कॅप्टन आणि दुसरी तिसऱ्या वर्षाची मुलगी, दोघींतली एक तरी सतत कोर्टवर असेल अशी अदलाबदल वहीत मांडते आहे.

प्रतिसाद: म्हापशाची फिजिओथेरपिस्ट

दोनच मुद्दे, पण टाळू नका.

गुडघे. बास्केटबॉलमध्ये गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटला इजा व्हायचा धोका मुलांपेक्षा मुलींना बराच जास्त असतो, आणि बहुतेक वेळा कोणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा झटकन वळताना ती होते. उतरताना गुडघे आत वळतात का ते समोरून बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. फिफाचा ११+ वॉर्मअप फुटबॉलसाठी बनवलेला आहे, पण तुम्हाला चालेल. साधारण २० मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. तुमच्या गोलकीपरला तो येत असण्याची शक्यता आहे, तिलाच पुढे उभं करा. हा हॉलमध्ये होतो, रिंग लागत नाही. आणि शेवाळ असलेल्या बाजूला लेअप अजिबात नको. सराव बुडाला तरी चालेल.

धापा टाकणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन या आठवड्यातच तपासा. १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला, त्यामुळे घरी सांगताना आपल्या मुलीत काही कमी आहे असं त्यांना वाटू देऊ नका. आईला भेटा, रिपोर्ट हातात घेऊनच. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच. तोवर तिला शटल रनमधून सूट द्या.

प्रतिसाद: डिचोलीचे निवृत्त क्रीडाशिक्षक

रिंगशिवाय दोन तासांबद्दल लिहायचं राहिलं. भिंतीवर ३.०५ मीटरवर चिकटपट्टी लावा आणि एका हाताने फ्री थ्रोचा हात घोटा, पट्टीच्या वर चेंडू लागला पाहिजे. उरलेल्या वेळात तीन विरुद्ध तीन, ड्रिबल बंद, पाच पास पूर्ण झाले की गुण. 'आधी बघ' हे ओरडावं लागणार नाही. बघितल्याशिवाय खेळच पुढे जाणार नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांचा हिशोब देते.

मुलीचं हिमोग्लोबिन ९.४ आलं. आई रिपोर्ट बघून थोडी रडली, म्हणाली, मला वाटलं अभ्यासाने दमते. परवा दोघी डॉक्टरांकडे जाऊन आल्या, औषध सुरू झालं. मुलगी रोज कोर्टवर येते, बाकावर बसून टर्नओव्हरची वही आता तीच लिहिते. तिची धाव नसताना पुढच्या पासला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तयार करते आहे.

ड्रिबल बंदचा खेळ काल हॉलमध्ये पाऊण तास चालला. कोणी थांबायलाच तयार नव्हतं. रविवारी कॅप्टन आणि मी दोरी घेऊन ६.७५ ची रेष मारली, खिळा नाही म्हणून रिंगच्या मध्याखाली तिने पायाने दोरी दाबून धरली आणि मी चुन्याने गोल फिरले. दुपारी पाऊस आला, अर्धी रेष गेली. पुन्हा ऑइल पेंटने मारू.

आता एकच विचारायचं उरलंय. फोंडा, कुर्टी, बांदोडा या भागात कोणाच्या ओळखीने छप्पर आणि रिंग दोन्ही असलेली जागा संध्याकाळी साडेपाच ते सात मिळेल का? आठवड्यातून एक दिवस मिळाला तरी पुरे. वाळपईकडच्या मुलींची सातनंतरची बस सुटता कामा नये, एवढीच अट आहे. कळवा, मी येऊन भेटते.