मदत हवी आहे : फायबर लेसरने स्टेनलेस स्टील कापताना खाली राहणारी बर (कडेला चिकटून घट्ट झालेला वितळलेला धातू)

नमस्कार. आमच्या लहान कारखान्यात २ किलोवॅटचे फायबर लेसर कटिंग मशीन आहे. माइल्ड स्टीलचे काम त्यावर उत्तम होते, कारण तेथे किरणासोबत सोडलेला ऑक्सिजन तापलेल्या लोखंडाशी संयोग पावून स्वतःच उष्णता पुरवतो. अडचण स्टेनलेसची आहे.

दुधाच्या टाक्यांना लागणारे ४ मिलिमीटर जाडीचे भाग, कड काळवंडू नये म्हणून, आम्ही नायट्रोजनवर कापतो. कड चकचकीत येतेही, परंतु खालच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढी टणक बर चिकटून राहते, आणि तीही गोल भोकाच्या एकाच अंगाला. ती ग्राइंडरने काढताना पत्र्यावर ओरखडे उठतात, आणि दुधाच्या टाकीतला ओरखडा म्हणजे जंतूंना आयती जागा, म्हणून हे मला फार खटकते.

भिंगापुढची संरक्षक काच आणि नोझल (किरण व वायू जिथून बाहेर पडतात ते टोक) दोन्ही बदलून पाहिले. बर एकाच अंगाला राहते, त्यावरून किरण नोझलच्या नेमक्या मध्यातून जात नसावा असे वाटते. मात्र नोझलच्या तोंडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर किरणाने पाडलेला ठिपका डोळ्यांना मध्यावरच दिसतो.

फोकस (किरण एकवटतो तो बिंदू) पत्र्याच्या आत किती खाली घ्यावा, नायट्रोजनचा दाब वाढवावा की आधी वेग कमी करावा? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया आपल्या सेटिंगच्या आकड्यांसह सांगावे.