सोयाबीनची पेप्टाइड्स: खावीत की लावावीत?

प्रश्न (सोलापूर): बार्शीकडे आमच्या शेतात सोयाबीन पिकते. त्याच्याच पेप्टाइड्सची (म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांची) क्रीम आणि 'शाकाहारी कोलॅजन' नावाची पावडर बहिणीने आणली आहे. त्यांचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर १: ताई, कोलॅजन हे प्राण्यांच्या शरीरातील प्रथिन आहे, वनस्पतींत ते नसते; म्हणून डब्यावरील घटक आधी वाचावेत. खाल्लेली बहुतेक पेप्टाइड्स पचनात सुटी अमिनो आम्ले (प्रथिनांचे मूळ घटक) किंवा दोन-तीन आम्लांच्या साखळ्या होऊन शोषली जातात, थेट चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. प्रथिनांसाठी घरची तूरडाळ उत्तमच आहे.

उत्तर २: साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठे रेणू त्वचेत सहसा शिरत नाहीत, मोठी पेप्टाइड्स वरच राहून ओलावा धरतात, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हात मला तेही मोलाचे वाटते. सोयाची अ‍ॅलर्जी असल्यास मात्र टाळावे.

प्रश्नकर्ती: डबा पाहिला, त्यात अमिनो आम्ले आणि क जीवनसत्त्वच आहे. आभारी आहे.