मदत हवी आहे: स्वतःचा धंदा आहे, हेल्थ आणि टर्म इन्शुरन्स कोणता घेऊ?

पाचवा गिअर
हेल्थ आणि टर्म (मी गेलो तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) दोन्ही एकदमच काढायचे आहेत. स्वतःचा धंदा, त्यामुळे कंपनीचं कव्हर नाही. बायको आणि दोन मुलं. एजंटने तीन कोटेशन पाठवली आहेत आणि शुक्रवारपर्यंत चेक मागतोय. हेल्थ १० लाखांची पुरे की २५ ची घेऊ? टर्म १ कोटी बास का? कोणीतरी थेट नाव सांगा. माहितीपत्रकं वाचून डोकं भणभणलंय. लेक्चर नको प्लीज.

खडूस
लेक्चर नको म्हणता आणि माहिती देता चार ओळींची. वय? तंबाखू, सिगारेट? काही गोळ्या चालू आहेत? कर्ज किती? मागच्या तीन वर्षांच्या रिटर्नमध्ये उत्पन्न किती दाखवलंय? धंदेवाल्याला टर्म गल्ल्यावर मिळत नाही, रिटर्नवर मिळते. कर वाचवायला चार लाख दाखवले असतील तर एक कोटी मागताना कंपनी भुवया उंचावणार.

जुना एजंट
नुसती टर्म काढून जिवंत राहिलात तर हाती काय? धंद्यात उत्पन्न वरखाली होतं. मनीबॅक किंवा एंडोमेंट, म्हणजे विमा अधिक बचतवाली पॉलिसी घ्या. सक्तीची बचत होते, अडीनडीला पॉलिसीवर कर्जही मिळतं.

कोरडा हिशोब
@जुना एजंट, वर्षाला लाखभर हप्ता भरून अशा पॉलिसीत कव्हर साधारण दहा लाखांच्या आसपास मिळतं. मॅच्युरिटी (मुदतीअखेर मिळणारे पैसे) करमुक्त राहायला विमा रक्कम हप्त्याच्या निदान दहापट लागते, म्हणून आकडा तिथेच घुटमळतो. दोन मुलांच्या घराला दहा लाख किती दिवस पुरणार? शिवाय धंद्याला मंदी आली की पहिला चुकतो तो हाच मोठा हप्ता, आणि लवकर मोडली तर भरलेल्यातलं बरंच सोडावं लागतं.

@पाचवा गिअर, खडूस यांनी विचारलंय ते आधी लिहा.

पाचवा गिअर
वय ३७, बायको ३४. तंबाखू कधीमधी. बीपीची एक साधी गोळी आहे, ते काही आजारपण नाही. रिटर्न पगाराचेच आहेत, धंदा पुढच्या महिन्यापासून सुरू. ३० तारखेपर्यंत नोकरीतच आहे. तिथली ३ लाखांची ग्रुप पॉलिसी आहे, पण ती जाणारच, म्हणून धरली नाही. आता नाव सांगा.

कोरडा हिशोब
अहो, हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! ती ग्रुप पॉलिसी सोडू नका. आजच एचआरला मेल टाका: विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, तुमचं नाव त्यात कधीपासून आहे, आणि मायग्रेशनचा फॉर्म. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर (एकाच रकमेत अख्खं कुटुंब) पॉलिसीत जाता येतं, हेच मायग्रेशन, आणि आधी काढलेला काळ वेटिंग पिरियडमधून, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळातून वजा होतो. नव्याने घेतली तर अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. हे श्रेय जुन्या ३ लाखांपुरतंच. रक्कम १० लाख केली तर वरच्या ७ लाखांना वेटिंग नव्याने सुरू. आणि वैयक्तिक पॉलिसी देताना कंपनी तब्येत तपासू शकते, हप्ता वाढवू शकते. कंपनी आवडली नाही तर पुढच्या नूतनीकरणाला दुसरीकडे पोर्ट करा, म्हणजे हेच श्रेय घेऊन कंपनी बदला. त्याचा अर्ज मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी गेला पाहिजे.

खडूस
‘साधी गोळी’ म्हणजेच बीपी. फॉर्ममध्ये कधीपासून, कुठली, किती मिलिग्रॅम, सगळं लिहायचं. आणि ‘कधीमधी’ तंबाखू म्हणजे ‘हो’. टर्मच्या मेडिकलमध्ये लघवीत तंबाखूचा अंश शोधणारी कोटिनिन तपासणी असते, तिला कधीमधी कळत नाही. तंबाखूवाल्यांचा दर वेगळा असतो. तो भरा, पण लपवू नका. आयुर्विम्यात तीन वर्षांपर्यंत चुकीच्या माहितीवरून पॉलिसी उडवता येते. हेल्थमध्ये सलग ६० महिन्यांनंतर फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच क्लेम नाकारता येतो, म्हणजे त्याआधीची पाच वर्षं तुम्ही उघड्यावर.

उंबरठा
एक युक्ती. टर्मचा अर्ज ३० तारखेच्या आत टाका. आता तीन पगारपत्रकं आणि फॉर्म १६ वर काम होतं. एकदा धंदेवाले झालात की दोन-तीन वर्षांची रिटर्न, सोबत उत्पन्नाचा तपशीलवार हिशोब (कॉम्प्युटेशन) मागतात, आणि नव्या धंद्याचं पहिलं रिटर्न कधीच भरघोस नसतं. टर्म दीड-दोन कोटींची घ्या.

सदाफुली
म्हणजे नोकरी सुटणार हे माहीत असून लपवायचं? आत्ताच खडूस म्हणाले लपवू नका.

उंबरठा
लपवायला कोणी सांगितलं? अर्जाच्या दिवशी जो व्यवसाय आहे तो लिहायचा. व्यवसाय बदलणार आहे का असा प्रश्न फॉर्ममध्ये असेल तर ‘हो’ लिहायचं. पगाराचा पुरावा खरा आहे ना?

खडूस
सदाफुलीताईंचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. फॉर्म नीट वाचा. एजंटला भरू दिलात तर ‘नाही, नाही, नाही’ अशी रांग लावून मोकळा होतो आणि सही तुमची असते. पॉलिसी हातात आली की अर्जाची प्रत तिच्यासोबत असते, ती ओळ न् ओळ तपासा. चूक सापडली तर ३० दिवसांच्या फ्री लुकमध्ये परत करता येते.

सदाफुली
हेल्थमध्ये रूम रेंटची मर्यादा नसलेलीच घ्या. मर्यादा ओलांडली की अख्खं बिल त्या प्रमाणात कापतात.

कोरडा हिशोब
अख्खं नाही. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही. ५ लाखांची पॉलिसी, खोलीची मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, तुम्ही घेतली १०,००० ची, पाच दिवस. खोलीचे ५०,०००, सर्जन-ओटी-नर्सिंग ९०,०००, औषधं-तपासण्या-इम्प्लांट १ लाख. मिळणार २५,००० अधिक ४५,००० अधिक १ लाख, म्हणजे १ लाख ७० हजार. खिशातून ७० हजार, शिवाय न मिळणाऱ्या फुटकळ वस्तू. तेव्हा सल्ला बरोबर, कारण अर्धवट.

आणि १० की २५ याचं उत्तर: बेस १० लाख, त्यावर १० लाख डिडक्टिबलचा सुपर टॉपअप, म्हणजे वर्षभराची बिलं मिळून १० लाखांपुढे गेली की वरचं तो देतो. नुसता ‘टॉपअप’ नको. त्यात डिडक्टिबल प्रत्येक वेळी वेगळं मोजतात. एका वर्षात आठ-आठ लाखांची दोन बिलं झाली तर टॉपअप एक रुपया देणार नाही, सुपर टॉपअप ६ लाख देईल.

जुना एजंट
हेल्थचा हप्ता धंद्याचा खर्च म्हणून दाखवा, टॅक्स वाचेल.

कोरडा हिशोब
मालकाचा स्वतःचा मेडिक्लेम हा घरखर्च, धंद्याचा नव्हे. कामगारांच्या विम्याचा हप्ता तसा दाखवता येतो. मालकाला मिळते ती वजावट जुन्या करपद्धतीतच.

रातकिडा
वर्कशॉप किंवा दुकान असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी बघा. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर चालते. आग, पूर, भूकंप, सगळं येतं. साधी घरफोडी मात्र वेगळी घ्यावी लागते. मशीनची किंमत कमी लावू नका.

सदाफुली
हे विचारलंय कोणी? बरं, माझा एक प्रश्न. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांना फ्लोटरमध्ये घ्यावं का?

खडूस
नको. फ्लोटरचा हप्ता सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो, सगळ्यांचाच चढेल. त्यांची स्वतंत्र घ्या. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. आधी ते काढा. जवळचं रुग्णालय यादीत आहे का ते मात्र बघून ठेवा.

पाचवा गिअर
विषय भरकटला. रातकिडा यांचं बरोबर आहे, फॅब्रिकेशनचं वर्कशॉपच आहे. २२ लाखांचं मशीनचं कर्ज माझ्या नावावर. एजंट म्हणतो टर्मला अपघाताचा रायडर (जोड-कव्हर) लावला की झालं.

उंबरठा
कर्ज आणि वेल्डिंग, दोन्ही शेवटी सांगताय!

रायडर बहुधा मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व बघतो. हात भाजून दोन महिने काम बंद पडलं तर त्याचा उपयोग शून्य, आणि पगार नसलेल्याला खरा फटका तिथेच. वेगळी पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी घ्या. तिच्यात ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’ हा भाग हवाच. साधारण विमा रकमेच्या १ टक्का दर आठवड्याला, कमाल १०० आठवडे, वर कंपनीची रुपयांतली मर्यादा. व्यवसाय ‘फॅब्रिकेशन, स्वतः मशीनवर काम’ असाच लिहा. ‘ऑफिस’ लिहिलंत तर हप्ता कमी बसेल, क्लेमला नडेल. टर्म नोकरीत असताना घेतली तरी या अपघात पॉलिसीत व्यवसाय बदलल्याचं कळवावंच लागतं.

कोरडा हिशोब
प्रोप्रायटरचं (एकट्या मालकाच्या धंद्याचं) कर्ज म्हणजे तुमचंच कर्ज. टर्मचे पैसे आले की सावकारही दारात येतो. त्यासाठी अर्ज करतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्या, फॉर्ममध्ये एमडब्ल्यूपीचा रकाना असतो. लाभार्थी बायको-मुलं, ट्रस्टी कोण, वाटा किती, सगळं लिहायचं. मग धनकोंना हात लावता येत नाही, अपवाद फक्त त्यांना फसवायलाच घेतल्याचं सिद्ध झालं तर. तोटा एवढाच की लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत आणि पॉलिसी निघाल्यावर ही सोय जोडताही येत नाही.

पाचवा गिअर
बरं. एमडब्ल्यूपी एजंटने सांगितलंच नव्हतं. कोटेशनमध्ये हप्त्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय, तो सगळीकडे सारखाच ना?

खडूस
२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि हेल्थवर जीएसटी शून्य आहे, फ्लोटरसकट. तिन्ही कोटेशन परत पाठवा, नवीन मागवा. चेक शुक्रवारी नको.

पाचवा गिअर
एचआर म्हणतायत मायग्रेशनचा फॉर्म त्यांच्याकडे नसतो.

कोरडा हिशोब
नसेल. ई-कार्डवर टीपीएचा (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) आणि विमा कंपनीचा मेल आयडी असतो, थेट कंपनीला लिहा, एचआर आणि टीपीए सीसीत. ३० तारीख म्हणजे शेवटचा दिवस हे पहिल्याच ओळीत.